हेलातलं बोलणं

पुणे,
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझा फोन लागत नाही आणि शेजारच्यांच्या फोनवर हे बोलता येण्यासारखं नाही, म्हणून लिहायलोय. शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलं नाही. अक्षराकडं बघू नकोस.

राजेश्रीला जाऊन महिना व्हायला आला. तिसऱ्याला मी सोनपेठला तुझ्याकडं आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो, तुझ्याशी धड दोन शब्द बोललो नाही. बाप्ये बाहेर लिंबाखाली बसले होते, तिथंच अप्पांच्या शेजारी मी होतो. आत तू हेल काढून रडत होतीस. माझा फोन खिशात होता, तो मी चालू केला आणि तुझं रडणं त्यात भरून घेतलं. मला सवय आहे. जिनिंगचा घरघराट, सोनपेठच्या बाजारातला कालवा, कुठंही गेलो की आवाज घेऊन येतो. पण हा बाजार नव्हता, हे मला पुण्याला आल्यावर कळलं.

तुला माझं काम मी कधी नीट सांगितलंच नाही. अप्पा सगळ्यांना सांगतात की पोरगं मंडपवाल्याकडं स्पीकर लावतं. ते खरंय, पोट त्यावरच आहे. पण खोलीवर आलो की मी गाणी करतो. त्यात गाणारा नसतो. ठेका असतो, खाली एक जड सूर असतो, आणि मधेच कुणाचा तरी आवाज सोडायचा. आडात हाक मारल्यावर ती घुमत जाते ना, तसा तो घुमतो आणि विरतो. याला डब म्हणतात. टँकरच्या पाण्यावर केलं, बंद पडलेल्या सूतगिरणीवर केलं. कुठली कंपनी नाही, मीच करतो आणि मीच इंटरनेटवर टाकतो. थोडी माणसं ऐकतात, पण मनापासून ऐकतात.

आता ऊसतोडीवर केलंय. कोयत्याच्या आवाजाचाच ठेका आहे आणि त्यात तुझं रडणं आहे. शब्द सगळे काढलेत, नुसता सूर ठेवलाय, कारण माझ्या कामात शब्द नसतातच. कोण रडतंय ते कुणाला कळणार नाही. नाव 'हेल' ठेवलंय. तू हो म्हणालीस तरच ते लोकांत जाईल. सोबत बसनं एक छोटा स्पीकर पाठवलाय, बटण दाबलं की लागेल. योगिनीला सांग लावून द्यायला.

तुझा,
पियुष

•

सोनपेठ,
२१ फेब्रुवारी २०२५

पियुष बाळा,

पत्र पोचलं, स्पीकरचा डबा बी पोचला. कंडक्टरनं आदी चहा घेतला मग डबा दिला.

फोन राजेश्रीचा व्हता. कारखान्यावर जाताना मला देऊन गेलती, म्हणली आई, तुला करमणार न्हाई, ठेव. आता तो वाजला की मला वाटतंय तीच लावायलीय. म्हणून बंद करून टाकला. तू आपलं पत्रच लिही. सातवीपर्यंत शिकलेली हाय मी, वाचता येतंय.

तू रडणं भरून नेलंस. पियुष, आपल्यात रडणं कुनी जपून ठेवत न्हाई रे. हेल काढून रडताना बाई काय बी बोलती. सासूला बोलती, दिराला बोलती, देवाला शिव्या घालती. ऐकणाऱ्यानं मान खाली घालून ऐकायचं. उत्तर द्यायचं न्हाई आन मनात धरायचं न्हाई. दहावं झालं की ते गेलं पाण्यात. बाई तेवड्याच येळी मोकळं बोलती, एरवी तिला कोण बोलू देतंय. तू ते धरून ठेवलंस. मी रागावले न्हाई, पण मला कसंतरीच झालं.

डबा अजून लावला न्हाई. घरात दुखवटा हाय, गाणंबजावणं कसं लावू? दादानं लुगडं आणल्याबिगर दुखवटा निघत न्हाई, तुला ठाऊक हाय. भावानं यायचं, बहिणीच्या अंगावर लुगडं टाकायचं, गोड घास भरवायचा, मग घर मोकळं. तंवर सण न्हाई का लगीन न्हाई. आन हिकडं धाकलीचं, योगिनीचं, जिंतूरकडं ठरत आलंय. माणसं बरी हायत. उन्हाळ्यात उरकू म्हणायलेत. मांडवात नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. पोरींचा बाप गेल्यापासून तुजा बापच आमचं समदं हाय.

दादा तिसऱ्याला आला तो मधीच उठून गेला. दहाव्याला न्हाई आला, तेराव्याला न्हाई आला. टोळीचा मुकादम हाय, टोळी सोडून येता येत न्हाई हे मला बी कळतंय. पर तुला काय बोलला का? माज्यावर रुसलाय का? रडताना मी काय काय बोलले ते मला आता आठवत बी न्हाई.

आईला म्हणावं येऊन जा. आन तू येळेवर जेवत जा.

तुजी,
सरजाआत्या

•

पुणे,
६ मार्च २०२५

आत्या,

अप्पा रुसलेले नाहीत. हंगाम जोरात आहे, माणसं कमी पडायलीत, एवढंच. मोकळे झाले की येतील. तू मनाला लावून घेऊ नकोस.

एक गोष्ट सांगायची आहे, रागावू नकोस. तुझ्या पत्राची वाट बघत होतो तेव्हाच एका मित्राच्या गच्चीवर माझं गाणं वाजवायचं ठरलं होतं. पन्नासेक लोक होते. टँकरचं वाजवलं, गिरणीचं वाजवलं, आणि मग राहवलं नाही, तुझंही लावलं. आत्या, ठेका थांबतो आणि तुझा एकटा आवाज वर जातो, तिथं एक मुलगी रडायला लागली. नंतर तिनं विचारलं, कोण आहे ही? मी सांगितलं, आमच्या मराठवाड्यातली एक ऊसतोड बाई आहे.

तुला विचारल्याशिवाय लावलं हे चुकलं. पण राजेश्रीचं मरण तिला कधी न बघितलेल्या माणसांना लागलं, हे तुला कळावं असं वाटलं.

तू एकदा ऐक. हळू आवाजात लाव, घराबाहेर लाव. ऐकल्याशिवाय हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस.

पियुष

•

सोनपेठ,
२४ मार्च २०२५

पियुष,

एक ऊसतोड बाई. बरं झालं सांगितलंस. मी कोण ते मला ठाऊकच नव्हतं.

ऐकलं मी. घरात न्हाई लावलं, गोठ्यात लावलं. योगिनी संगं व्हती. कोयत्याचा आवाज बराबर आलाय, उसाच्या बुडाशी लागतो तसाच. तुजा तो खालचा जड आवाज लागला तर म्हैस दाव्याला हिसका देऊन आमच्याकडं बघायली. योगिनी हसली. लय दिवसांनी हसली. चांगलं करतोस, मी खोटं कामून बोलू.

मग माजा आवाज आला. पियुष, मी दम कुटं खाल्ला ते मला ठाऊक हाय. हेलात आदी नाव येतंय, मग गाऱ्हाणं, मग दम. तू दम तेवडा ठेवलास आन नाव काढून टाकलंस. राजेश्री म्हणून मी हाका मारल्या, त्या गेल्या. त्याच्यापुडं माज्या भावाला हाक मारली, ती बी गेली. निस्ता हुंदका ऱ्हायला. हुंदका काय, कुनाचा बी असतोय.

मागं मी लिहिलं की काय बोलले आठवत न्हाई. आठवतंय. शब्द न् शब्द आठवतंय. तू लिंबाखाली बसून ऐकलंस, तुला बी आठवतंय. तरी सांगते, म्हणजे कागदावर ऱ्हाईल.

राजेश्रीला सातवा लागलेला. मी म्हणलं जाऊ नगं. दादा म्हणला, नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात, ही न्हाई आली तर नागेशचा कोयता अर्धा व्हतो, मला टोळी पुरी दावायचीय. माजाच भाऊ, काय बोलायचं? पोरगी गेली नवऱ्यासंगं. डोक्यावर मोळ्या वाहिल्या. त्या दिवशी दुपारी फडातच तिला रगत जायला लागलं. नागेश पळत दादाकडं गेला. ट्रॉल्या भरून ट्रॅक्टरला जोडलेल्या व्हत्या. दादा म्हणला, कारखान्यावर आपला नंबर लागलाय, तो गेला तर उद्यापर्यंत ऊस वाळंल, खाली करून येतो मग दवाखान्यात नेऊ. ट्रॉली सोडवायची म्हणजे एक पिन काढायची असती. मी कैक हंगाम दादाच्या टोळीत काढलेत, मला माहीत हाय. त्यानं पिन काढली न्हाई. नंबराला गेला. तो यायच्या आत माजी पोरगी उसाच्या पाचटावर गेली, पोटातलं बी गेलं.

हे मी हेलात बोलले. माज्या भावानं ट्रॅक्टर दिला न्हाई, असं बोलले. रीत अशी हाय की ऐकणाऱ्यानं ते मनात धरू नये. दादानं धरलं. उठून गेला.

योगिनीनं मला तुजी दुसरी गाणी बी लावून दावली. पाण्याचं, गिरणीचं. कुनाचंच नाव न्हाई त्यात. पाणी आपणहून आटलं, गिरणी आपणहून बंद पडली. मग ते गाणं लागायचं कुनाला? पुण्यातली पोरगी रडली म्हणतोस. तिनं थोडाच ट्रॅक्टर धरून ठेवला व्हता.

मला खरं सांग. शब्द काढलेस ते तुज्या कामात शब्द नसत्यात म्हणून, का तुजा बाप हाय म्हणून?

सरजाआत्या

•

पुणे,
१७ एप्रिल २०२५

आत्या,

बाप आहे म्हणून.

तुझं पत्र कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडलो. दुसरं काही लिहायचा प्रयत्न केला, पण तू जे विचारलंस त्याचं उत्तर एवढंच आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी चावायला धजलो नाही. माझा कॉम्प्युटर, स्पीकर, ही खोली, सगळं अप्पांच्या टोळीवरच उभं राहिलंय.

मार्चात तुला लिहिलं की अप्पा रुसलेले नाहीत, तेही खरं नव्हतं. त्यांचा मला फोन आला होता. फक्त एवढंच विचारलं, "सरजी आत काय म्हणायली ते तू बी ऐकलंस का?" मी म्हणलं, नीट ऐकू आलं नाही.

हंगाम संपल्यावर परत गावी, बोरीला जाताना ते माझ्याकडं एक दिवस राहिले. जेवायला बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. म्हणाले, राजी लहान असताना माझ्या खांद्यावर बसून जत्रेला यायची, उतर म्हणलं तरी उतरायची न्हाई. मला वाटलं आता त्या दिवसाचं बोलतील. पण ते म्हणाले, तू काय गाणी करतोस ती लाव बघू. तुझं गाणं समोर होतं आणि मी टँकरचं लावलं. चांगलं हाय म्हणाले, पर लय हळू चालतंय.

जाताना तुझ्यासाठी निरोप सांगितला. तू चार माणसांत म्हणायचंस की ते निस्तं हेलातलं बोलणं होतं, खरं नव्हतं. मग ते आखितीच्या सणाला लुगडं घेऊन येतील, योगिनीचं लग्न उरकून देतील, पाठीशी उभे राहतील. मी त्यांना ट्रॅक्टरचं विचारू शकलो असतो. मूग गिळून बसलो.

माझ्याकडं आता दोन्ही गाणी तयार आहेत. एकात तुझे शब्द आहेत, दुसऱ्यात नाहीत. तू म्हणशील ते लोकांत जाईल. मी तुझ्या शब्दाबाहेर नाही.

पियुष

•

सोनपेठ,
९ मे २०२५

पियुष बाळा,

आखितीला दादा आला. संगं वैनी, भावकीतले थोरले आश्रुबाकाका आन आणखी दोन माणसं. लुगडं आणलं. निळं हाय, काठ चांगला हाय, वैनीच्या पसंतीचं असंल.

पाटावर बसवलं मला. दादानं लुगडं अंगावर टाकलं. पुरणाचा घास केला आन माज्या तोंडाशी आणून थांबला. आश्रुबाकाका म्हणले, सरजे, मनात काय असंल ते बोलून टाक आन मग गोड खा. समदी माज्या तोंडाकडं बघायली. योगिनी दारात उभी व्हती. मी म्हणले, मनात काय असायचंय, हेलातलं बोलणं ते, त्यात काय खरं असतंय. काका म्हणले, नीट सांग. मग मी म्हणले, माज्या भावानं ट्रॅक्टर दिला व्हता, पोरीचंच आयुष्य नव्हतं.

नागेश भिताडाला टेकून बसलेला. उठला आन चपला न घालता निघून गेला. दादानं घास माज्या तोंडात घातला. मी गिळला.

लगीन मेच्या शेवटाला धरलंय. तू ये. मंडप-स्पीकर तूच बघ.

आता तुला एक सांगते. दुखवटा निघाला, म्हणजे मला आता हेल काढून रडता येत न्हाई. रडले तर बायका म्हणत्याल, भावानं लुगडं घातलं तरी ही रडायलीय, भावाला खाली पाडायलीय. रानात गेले तरी तोंडात पदर धरून रडावं लागतंय. एका लेकीचं लगीन व्हावं म्हणून मी दुसरीला खोटं पाडलं. ती असती तर म्हणली असती, आई, जाऊ दे, योगीचं होऊ दे. तशीच व्हती ती. म्हणून जास्तच जीव तुटायलाय.

तू लिहिलंस, मी म्हणीन ते लोकांत जाईल. माज्यावर टाकू नगंस रे बाबा. मी माजं खोटं बोलून बसले. तुजं तू बघ.

सरजाआत्या

•

पुणे,
१४ जून २०२५

आत्या,

लग्न चांगलं झालं. योगिनी जिंतूरला रुळली असेल. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा मी स्पीकरपाशी होतो आणि तिथून मला फक्त अप्पा दिसत होते, तिच्या पाठीशी उभे. फेटा सारखा सरकत होता आणि ते एका हातानं सावरत होते. तू त्यांच्याकडं एकदाही बघितलं नाहीस हेही मला दिसलं.

तुझ्या पत्रावर लय विचार केला. चार माणसांत तू बोललीस ते योगिनीसाठी बोललीस. आता मी शब्दांचं गाणं बाहेर काढलं तर तुझं बोलणं फुकट जाईल आणि नव्या घरात योगिनीला ऐकून घ्यावं लागेल. म्हणून बिनशब्दांचंच टाकलं. तुला हेच हवं असावं असं मी समजून घेतलं.

आजवर माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. मुंबईहून, बंगळुरूहून निरोप येतायत. एकानं लिहिलंय की यात ऊसतोड बायकांचं सगळं दुःख आलंय. वाचून बरं वाटलं आणि मग नाही वाटलं. तुला कळवावं म्हणून लिहिलं.

पावसाळ्यात गुडघ्याला शेक देत जा.

पियुष

•

सोनपेठ,
२७ ऑक्टोबर २०२५

पियुष,

जूनच्या पत्राला उत्तर दिलं न्हाई. द्यावं वाटलं न्हाई.

आता लिहायले ते नीट वाच. योगिनी ऊस तोडायला गेली. दादाच्याच टोळीत.

जिंतूरच्या माणसांनी शेती दावली व्हती, ती हाय बी. पर औंदा सोयाबीन उभं पाण्यात गेलं, कापसाची बोंडं काळी पडली. जावई म्हणला, एक हंगाम मारून येतो, मामाची टोळी म्हणजे घरचंच हाय. भाऊबीजेला दादा आला. मी ओवाळलं. त्यानं ताटात ओवाळणी घातली, चहा घेतला, आन दुसऱ्या दिवशी सकाळी योगिनीला अन् जावयाला ट्रॅक्टरवर बसवून घेऊन गेला. नागेश बी त्यातच हाय. त्याला दुसरी बायकू करून दिलीय, कोयता पुरा व्हायला पायजे म्हणून. ती पोरगी नवं पातळ नेसून ट्रॉलीत बसली व्हती. माज्या पाया पडली.

योगिनीला दिवस गेलेत. निघताना माज्या कानात सांगितलं. म्हणली, मामाला सांगू नगं, एवड्यात काय होत न्हाई.

राजेश्रीच्या येळी मी निदान जाऊ नगं म्हणले व्हते. आता ते बी म्हणता आलं न्हाई. कोणत्या तोंडानं म्हणू? माजा भाऊ ट्रॅक्टर देतो, असं चार माणसांत मीच सांगितलंय. योगिनीनं दारात उभं राहून ते ऐकलंय. तिला बी वाटतंय, वेळ आली तर मामा पिन काढंल.

तुला वाटलं मला हेच पायजे व्हतं. पियुष, तुला जे सोपं व्हतं ते माज्या नावावर टाकलंस. मी म्हणले तुजं तू बघ, म्हणजे मला बोलता येत न्हाई, तू तरी बोल, असं म्हणले मी. तुला मोठे मोठे आवाज कळत्यात, एवडं कळलं न्हाई?

आता मीच सांगते. शब्द घाल. माज्या लेकीचं नाव घाल. दादाचं नाव घाल. आन आखितीला सरजाबाई खोटं बोलली, हे बी त्यात सांग. माजं नाव घेऊन सांग. मग दादा मला तोडंल, भावकी तोडंल, तोडू दे. मला आता माहेर लागत न्हाई, मला माजी पोरगी लागती.

ते टोळीत पोचलं पायजे. फडातल्या बायका फोनवर ऐकत्यात. पुण्यात न्हाई पोचलं तरी चालंल.

उशीर करू नगंस.

सरजाआत्या

•

पुणे,
११ नोव्हेंबर २०२५

आत्या,

शब्द परत घातले.

तुझा पहिला हेल येतो तिथं ठेका थांबवलाय, खालचा सूरही काढलाय. तू राजेश्रीला हाक मारतेस ती आता कुठंही कापलेली नाही. ट्रॅक्टरचं सगळं आहे. शेवटी माझ्या आवाजात सांगितलंय की हे रडणं सोनपेठच्या सरजाबाईचं आहे, आखितीला तिला खोटं बोलायला लावलं, आणि ज्यांनी ट्रॅक्टर दिला नाही ते बोरीचे रंगनाथ मुकादम माझे वडील आहेत. माझ्या कुठल्याच गाण्यात आजवर माणूस बोलला नव्हता, माझाही आवाज नव्हता. ते पुन्हा पुन्हा करावं लागलं.

आधी अप्पांना एकट्याला पाठवलं. सोबत लिहिलं, योगिनीला दिवस गेलेत. दोन दिवस काही उत्तर नाही. मग टोळीच्या ग्रुपवर टाकलं, आणि सगळ्यात शेवटी इंटरनेटवर.

नागेशनं मला कळवलं ते सांगतो. सकाळी फडात कुणाच्या तरी फोनवर ते लागलं. बाया तोडता तोडता थांबल्या. अप्पा ट्रॅक्टरपाशी उभे होते. कुणीतरी बंद करायला गेलं तर तेच म्हणाले, राहू दे. शेवटपर्यंत ऐकलं. मग बांधावर जाऊन बसले. त्या दिवशी गाडी भरली नाही.

आज दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "योगीला अन् तिच्या नवऱ्याला परळीच्या गाडीत बसवून दिलंय. उद्या दुपारी सोनपेठला उतरत्याल. सरजीला कळव." मी हो म्हणलं. माझ्या घरमालकाच्या गावचा एक जण आज रात्रीच परळीला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देतो. हे हातात पडलं की तशीच स्टँडवर जा, तिच्याजवळ सामान असेल.

मला वाटलं ते फोन ठेवतील. ठेवला नाही. मी म्हणलं, अप्पा. ते म्हणाले, "सरजीच्या दारात आता मी यायचा न्हाई. तिला सांग, भाऊ मेला म्हण." मग म्हणाले, "तुज्या आईला मी सांगितलंय, पियुष आता घरी यायचा न्हाई, त्याची वाट बघू नगं."

मी बरं म्हणलं. मग फोन ठेवला.

पियुष